हेवी मेटल ऐकायला सुरुवात? आधी हा अल्बम

मेटल कुठून सुरू करू म्हणतोस, तर 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम लाव. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी आला. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली चार पोरं. जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रण एका दिवसात, एकत्र वाजवून उरकलेलं.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बास गायब होतो आणि मग अर्धा सॅबथच गायब. हेडफोन घे. आधी पाऊस, घंटा, मग गिटारवादक टोनी आयोमीचे ते तीन सूर: सा, वरचा सा आणि खाली येऊन तीव्र मध्यम. बस्स, एवढंच. भीती त्या तीव्र मध्यमात आहे. ते सावकाश ऐक. वेग शोधत बसलास तर हाती काही लागणार नाही.

पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त गिटार दीड स्वर खाली उतरवली; डूम आणि स्टोनर या मेटलच्या संथ, जड शाखांवाले आजही तिथेच मुक्कामाला आहेत.

दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा गिटार सोड, बिल वॉर्डचे ड्रम धर. चक्क जॅझची झुलती लय आहे! नंतरच्या बऱ्याच मेटलवाल्यांनी जडपणा उचलला, ही झूल मात्र विसरले, असं आपलं माझं मत.