जुना १४ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर आणि नवा ८ कोअरचा लॅपटॉप प्रोसेसर: खरा वेगवान कोणता?

तुमच्याकडे झिऑन ई५-२६८० व्ही४ असलेलं जुनं वर्कस्टेशन आहे, १४ कोअर आणि २८ थ्रेडचं. नवा लॅपटॉप रायझन ७ ७८४०एचएसचा, ८ कोअर आणि १६ थ्रेडचा. काम म्हणजे सी++ चा मोठा प्रकल्प कंपाइल करणं (कोडचं चालू शकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर) आणि सोबत काही व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, चालू ठेवणं. कोअर जवळपास निम्मे असूनही लॅपटॉप चपळ का वाटतो आणि वर्कस्टेशन आता विकून टाकावं का, हे तुम्ही विचारलंय.

लॅपटॉप चपळ वाटतो कारण तो खरोखरच चपळ आहे. विकण्याच्या बाबतीत मात्र मी लगेच हो म्हणणार नाही.

आधी एकाच कोअरचं बघू. तुमचा झिऑन २०१६ चा, ब्रॉडवेल पिढीचा, १४ नॅनोमीटरचा. त्याचा सर्वोच्च टर्बो, म्हणजे थोड्या वेळासाठी गाठता येणारा क्लॉकचा वेग, ३.३ गिगाहर्ट्झ. रायझन २०२३ चा, झेन ४ रचनेचा, ४ नॅनोमीटरचा, आणि तो ५.१ पर्यंत जातो. म्हणजे नुसत्या क्लॉकमध्येच दीडपट फरक. त्यावर आयपीसी येतं, म्हणजे एका क्लॉक सायकलमध्ये सरासरी किती सूचना पुऱ्या होतात ते. २०१७ चा पहिला झेन या बाबतीत साधारण ब्रॉडवेलच्या तोडीचा होता. पुढे रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केलेली सरासरी वाढ अशी: झेन २ मध्ये १५ टक्के, झेन ३ मध्ये १९, झेन ४ मध्ये १३. तिन्हींचा गुणाकार (१.१५ गुणिले १.१९ गुणिले १.१३) १.५४ च्या आसपास येतो. दीडपट क्लॉक आणि दीडपट आयपीसी मिळून जवळजवळ २.४ पट. कंपनीचे आकडे कंपनीने निवडलेल्या प्रोग्रॅमवरचे असतात, म्हणून थोडी सूट धरा. तरी एका कोअरला दुप्पट वेग हा अंदाज टिकतो.

हाताला जाणवतो तो हाच वेग. लिंकिंगचा (कंपाइल झालेले तुकडे जोडण्याचा) मोठा भाग, कॉन्फिगर स्क्रिप्ट, एडिटरमधलं ऑटोकम्प्लीट, ब्राउझरमधलं जड पान, ही सगळी कामं एकदोन थ्रेडवरच चालतात. झिऑनचे उरलेले १२ कोअर तेव्हा रिकामे बसलेले असतात.

आता सगळे कोअर एकदम कामाला लावा. पूर्ण भाराखाली तुमचा झिऑन सुमारे २.९ गिगाहर्ट्झवर चालतो. १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६. लॅपटॉपला ५४ वॉट मिळाले आणि आठही कोअर ४.२ वर टिकले असं धरलं, तर ८ गुणिले ४.२ गुणिले आयपीसीचे १.५४, म्हणजे ५१-५२. हा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा बरोबर दाखवतो: एकूण कामातही लॅपटॉप पुढे, फक्त आता आघाडी दुपटीची नाही, पाव भागाची आहे. आणि हे झिऑनच्या १२० वॉटच्या मर्यादेसमोर निम्म्याहून कमी विजेत. मला या तुलनेत सर्वांत मोठी प्रगती हीच वाटते.

पण त्या हिशेबातल्या ‘५४ वॉट मिळाले’ या गृहीतकाकडे नीट बघा. ७८४०एचएससाठी लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ ते ५४ वॉटमधली मर्यादा ठरवू शकते. पातळ मशिनमध्ये ती खालच्या टोकाला असते, किंवा पहिली काही मिनिटं वर आणि तापल्यावर खाली. मग आठही कोअरचा क्लॉक उतरतो आणि पाव भागाची आघाडी विरघळत जाते. वर्कस्टेशनचा मोठा हीटसिंक सकाळी जो वेग देतो तोच संध्याकाळी देतो. बेंचमार्कचे बहुतेक आकडे छोट्या चाचणीचे असतात, त्यात हा फरक दिसतच नाही. दोन मिनिटांच्या चाचणीवरून चार तासांच्या कामाचा निर्णय घेऊ नका.

मेमरीच्या बँडविड्थबद्दल, म्हणजे मेमरी सेकंदाला किती डेटा देऊ शकते याबद्दल, बऱ्याच जणांची समजूत जुनी आहे. सर्व्हरला मेमरीकडे जाणाऱ्या चार वाटा (चॅनल), लॅपटॉपला दोन, म्हणून सर्व्हर पुढे, असं गृहीत धरलं जातं. डीडीआर४-२४०० च्या चार चॅनलची कमाल बँडविड्थ सेकंदाला ७६.८ गिगाबाइट, तर डीडीआर५-५६०० च्या दोन चॅनलची ८९.६. इथेही लॅपटॉपच पुढे, अर्थात दोन्ही स्लॉट भरलेले असतील तर. एकच मॉड्यूल घातलेले लॅपटॉप सर्रास विकले जातात आणि त्यांची बँडविड्थ सरळ निम्मी होते, तेवढं आधी तपासा.

मग वर्कस्टेशन ठेवायचं कशासाठी? मेमरीच्या क्षमतेसाठी. तो झिऑन एका सॉकेटला १.५ टेराबाइटपर्यंत रजिस्टर्ड ईसीसी मेमरी (स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी, सर्व्हरची) घेतो. व्हर्च्युअल मशिनना कोअर थोडे कमी पडले तर ती फक्त हळू चालतात. मेमरी संपली की होस्ट, म्हणजे मूळ मशिन, स्वॅपमध्ये जातो (मेमरीऐवजी संथ डिस्क वापरू लागतो) आणि सगळंच ठप्प होतं, मग कोअर कितीही वेगवान असो. लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर वाढवायचा मार्गच नाही. ईसीसीबद्दलही एक स्पष्ट करतो: डीडीआर५ चिपच्या आत जी चूकदुरुस्ती असते ती सर्व्हरच्या ईसीसीची जागा घेत नाही, कारण चिप ते प्रोसेसर या वाटेवर ती काहीच तपासत नाही. याशिवाय झिऑनच्या ४० पीसीआय एक्सप्रेस लेनवर (जादा कार्ड जोडायच्या वाटांवर) ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आणि वेगवान एनव्हीएमई ड्राइव्ह एकत्र बसतात. लॅपटॉपच्या लेन चौथ्या पिढीच्या, म्हणून दुप्पट वेगाच्या, पण कार्ड लावायला स्लॉटच नसतो.

झिऑनच्या विरोधात जाणाऱ्या दोन गोष्टी. २०१८ मध्ये उघड झालेली मेल्टडाउन ही सुरक्षेची त्रुटी ब्रॉडवेलला लागू पडते, एएमडीच्या झेनला नाही. तिच्या पॅचमुळे कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, वारंवार जाणारी कामं मंदावतात आणि हजारो छोट्या फाइल उघडणारं कंपायलेशन त्यातच मोडतं. दुसरं, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. लिनक्सवर ही दुसरी अडचण येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर लॅपटॉपवर कोड लिहिला आणि कंपाइल केला असता, आणि वर्कस्टेशनवर लिनक्स टाकून व्हर्च्युअल मशिन तिकडे हलवली असती. व्हर्च्युअल मशिनना मिळून ३२ गिगाबाइटच्या आतच मेमरी लागत असेल आणि लॅपटॉपमध्ये ६४ बसत असेल, तर वर्कस्टेशन खुशाल विका.

ठरवण्याआधी तुमचाच प्रकल्प दोन्हीकडे सुरुवातीपासून बिल्ड करा, तोच कंपायलर, तेच पर्याय, लॅपटॉप चार्जरला लावून. एकदा नाही, अर्धा तास लागोपाठ, आणि शेवटच्या बिल्डची वेळ लिहून घ्या. त्यानंतर एकच फाइल बदलून पुन्हा बिल्ड करा. दिवसातून जी गोष्ट तुम्ही सर्वांत जास्त वेळा करता ती ही दुसरी आहे, म्हणून मी तिच्या आकड्याला जास्त वजन देईन.