शास्त्रातली भाकणूक, शेवटची चिन्हं आणि जगबुडी

निपाणी भागातल्या एका वाचकाचा प्रश्न असा: ‘आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांच्यातल्या आजी युद्धाची बातमी ऐकली किंवा नदीला पूर आला की म्हणतात, “शास्त्रातली भाकणूक खरी व्हायलीय बघा, शेवटची चिन्हं दिसायल्यात.” बायबलमधल्या भविष्याला भाकणूक म्हणणं बरोबर आहे का? चिन्ह, लक्षण आणि खूण यांत नेमका फरक काय? आणि आपण जिला जगबुडी म्हणतो, ती हीच का?’

आजींच्या वाक्यात तीन ठिकाणची मराठी एकत्र आली आहे. ‘व्हायलीय’, ‘दिसायल्यात’ हे आपल्या सीमाभागातलं रोजचं बोलणं. ‘चिन्हं’ हा छापील शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, आलेला शब्द. आणि ‘भाकणूक’ आला आहे थेट आप्पाचीवाडीच्या जत्रेतून, जिथे दरवर्षी पुढचं भविष्य भाकलं जातं. त्यामुळे उत्तरही तीन दिशांना जाईल.

आधी चिन्ह. हा शब्द ज्या प्रकरणातून लोकांच्या तोंडी बसला ते मत्तयाच्या शुभवर्तमानाचं (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र) चोविसावं प्रकरण. शिष्य यरुशलेमेच्या मंदिराच्या इमारती दाखवतात, आणि येशू म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मग जैतुनाच्या डोंगरावर शिष्य त्याला विचारतात, हे केव्हा होणार, आणि तुझ्या येण्याचं व युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय? प्रश्नात चिन्ह एकवचनी आहे, हे सहसा नजरेतून सुटतं. शिष्यांना एकच पक्की गोष्ट हवी आहे. उत्तरात मात्र त्यांच्यापुढे रास ओतली जाते: लढाया, लढायांच्या आवया, राष्ट्रावर उठणारं राष्ट्र, दुष्काळ, भूमिकंप. लूकच्या एकविसाव्या प्रकरणात त्यात मऱ्याही आहेत. (‘मरी’ म्हणजे साथीचा रोग. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआई, मरगाई बसलेली असल्यामुळे हा शब्द कुणाला समजावून द्यावा लागत नाही. शहरातल्या नव्या वाचकाला मात्र द्यावा लागतो.)

मूळ ग्रीक शब्द ‘सेमेइऑन’. त्यात भीती नाही, नुसतं बोट दाखवणं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो, त्यालाही हाच शब्द आहे आणि मराठीत त्यालाही ‘चिन्ह’च म्हटलं आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या नवव्या प्रकरणात पूर ओसरल्यावर ढगात दिसणारं धनुष्य हेही कराराचं चिन्ह. म्हणजे शास्त्राच्या मराठीत चिन्ह शुभही असतं.

आपल्या कानाला ते तसं का वाटत नाही? कारण बोली मराठीत हा शब्द दोनच ठिकाणी जोरात चालतो. एक, नकारात: ‘पाऊस थांबायचं काही चिन्ह दिसत नाही.’ खानापुरात जुलै महिन्यात हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. आणि दोन, धास्तीत: ‘चिन्हं काही बरी दिसत नाहीत.’ शेवटच्या काळाची चिन्हं म्हटलं की मराठी माणसाच्या मनात आधी हे दुसरं वाक्य जागं होतं आणि मग शास्त्रातलं. आजींच्या आवाजात जी धास्ती आहे, तिच्यातला काही वाटा शास्त्राचा असेल. बराचसा आपल्या वाक्प्रचाराचा आहे असं मला वाटतं.

‘लक्षण’ वेगळं. ताप हे रोगाचं लक्षण. ते रोगाच्या आतूनच येतं, त्याचाच भाग असतं. चिन्ह स्वतःहून निराळ्या गोष्टीकडे बोट दाखवतं. मत्तयाच्या सोळाव्या प्रकरणात परूशी आणि सदूकी या यहुदी पंथांतले लोक आकाशातून चिन्ह दाखव म्हणून हटून बसतात. त्यांना उत्तर मिळतं ते असं, की संध्याकाळी आभाळ तांबूस दिसलं की उघाड होणार हे तुम्हांला समजतं, मग काळाची लक्षणं का ओळखता येत नाहीत? ग्रीकमध्ये दोन्हीकडे तोच शब्द आहे. मराठीत इथे ‘काळाची लक्षणं’ आलं आणि फार चांगलं झालं. मागणाऱ्याला आभाळातून पडणारं चिन्ह हवं होतं. त्याला सांगितलं, समोरच्या काळाची नाडी बघ. हा टोमणा मराठीत मुळापेक्षा जास्त धारदार झाला आहे.

‘खूण’ कुणीतरी मुद्दाम केलेली असते. वाट चुकू नये म्हणून झाडावर केलेली, जनावर ओळखावं म्हणून डागलेली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तेराव्या प्रकरणात उजव्या हातावर किंवा कपाळावर घ्यायची ती श्वापदाची खूण, आणि तिच्याबरोबर ६६६ ही संख्या. ग्रीकमध्येही इथे सेमेइऑन नाही. ‘खारग्मा’ असा शब्द आहे, म्हणजे उमटवलेला छाप. त्यामुळे बारकोड आला, लस आली की मोबाइलवर जे संदेश फिरतात, ‘पशूचे चिन्ह आले’ वगैरे, ते निदान शब्दाच्या बाजूने तरी लंगडे आहेत. तिथे खूण किंवा शिक्का म्हणावं. संदेश खरा की खोटा हा पुढचा प्रश्न, आणि त्यावर माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.

आता न विचारलेल्या एका शब्दाबद्दल, कारण आजींच्या वाक्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. लढाया, दुष्काळ, भूमिकंप ही यादी सांगताना मध्येच ताकीद येते: घाबरू नका, हे व्हायचंच, पण शेवट अजून नाही. आणि लगेच पुढे जुन्या वळणाच्या मराठी शास्त्रात शब्द येतात, ‘वेदनांचा प्रारंभ’. मराठी वाचक इथे समजतो: यातना सुरू झाल्या, आता हाल वाढत जाणार. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही दुःखांचा आरंभ असाच अर्थ लागतो. पण ग्रीक शब्द ‘ओदिन’ आहे, आणि ओदिन म्हणजे बाळंतपणाची कळ. प्रेषित पौलाने थेस्सलनीकरांना पत्र लिहिताना हाच शब्द गरोदर बाईला येणाऱ्या कळांसाठी वापरला आहे. रोमकरांच्या पत्रात सगळी सृष्टी कण्हते आहे, वेदना भोगते आहे असं जे म्हटलं आहे, त्यातलं वेदना भोगणंही याच शब्दाच्या कुळातलं.

गंमत अशी की मराठीत नेमका शब्द होता आणि तोही त्याच घरातला. संस्कृत ‘वेदना’ प्राकृतातून घासत घासत मराठीत आला तो ‘वेणा’ होऊन, आणि वेणा म्हणजे फक्त बाळंतपणाच्या कळा. ‘वेणांचा प्रारंभ’ असं छापलं असतं तर एक शब्द बदलून अर्थ जागेवर बसला असता. सोप्या मराठीत ‘कळा सुरू झाल्या’. आपल्याकडे कुणाच्या घरात कळा सुरू झाल्या म्हटलं की धावपळ होते, भीतीही असते, पण सुतक धरून कुणी बसत नाही.

सीमाभागातल्या माणसाला ही चूक पकडायला ग्रीक शिकावं लागत नाही. कन्नड बायबलात या जागी ‘प्रसववेदने’ असा सरळ शब्द आहे. एकाच घरात सासूचं शास्त्र मराठी आणि सुनेचं कन्नड अशी कुटुंबं बेळगावात आहेत. तिथे एकच ओवी दोघींना दोन तऱ्हांनी ऐकू येणार: एकीला हाल, दुसरीला बाळंतपण. भाषांतरावर कितीही लेख वाचले तरी इतका स्वच्छ पुरावा मिळायचा नाही.

मग शास्त्राची मराठी अशी छापील, जराशी परकी का वाटते? बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केलं. ते ज्या मराठीत चाललं ती पुढे मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून आणि कोशांतून घट्ट होत गेली. त्या घडणीत बेळगावचा हात नव्हता असं मात्र नाही. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे बाबा पद्मनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनीच केली. तरी शास्त्रात ‘घटका’, ‘अमंगळ पदार्थ’, ‘मऱ्या’ हे शब्द जसेच्या तसे थिजून राहिले, आणि उपासनेला जाणारी माणसं घरी ‘व्हायलीय’ बोलत राहिली. दोन्ही मराठी एकाच तोंडात नांदतात. आजींचं वाक्य हा त्याचा नमुना.

भाकणुकीकडे येतो. निपाणी तालुक्यातल्या कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेतली भाकणूक तुम्हांला मी सांगायला नको. पाऊसपाणी, पीक, धान्याचे भाव, रोगराई, राजकारण, लढाया, सगळं तिच्यात येतं. ‘भाक देणे’, ‘करुणा भाकणे’, ‘भाकीत’ हे सगळं बोलण्याचंच कुटुंब. तोंडातून निघालं ते भाकलं. त्या अर्थाने बायबलमधल्या संदेष्ट्यांचं बोलणं हीसुद्धा भाकणूकच, कारण यशया, यिर्मया हे आधी बोलणारे होते. पूर्वी त्यांना मराठीत ‘भविष्यवादी’ म्हणत, आता ‘संदेष्टे’ म्हणतात. हा बदल चांगला, कारण त्यांचं निम्म्याहून अधिक बोलणं पुढच्या काळाबद्दल नसून समोरच्या राजाच्या आणि सावकाराच्या वागण्याबद्दल आहे. कन्नडमध्ये ‘प्रवादी’. तेव्हा घरगुती बोलण्यात आजी ‘शास्त्रातली भाकणूक’ म्हणाल्या तर त्यात चूक काढू नये. मला तर तो शब्द ‘भविष्यवाणी’पेक्षा बरा वाटतो. भविष्यवाणी ऐकली की डोळ्यांसमोर टीव्हीवरचा ज्योतिषी येतो.

पण एक फरक राहतो, आणि तो नुसता शब्दाचा नाही. आपली भाकणूक दरवर्षी नवी होते. भाकणारा भाकतो, ऐकणारा ऐकतो. या वर्षीची फसली तर पुढच्या वर्षीची आहे. बायबलमधली मात्र एकदाच बोलली गेली, लिहिली गेली आणि बंद झाली. पुढे जे काही करायचं ते वाचणाऱ्याने: आजच्या बातम्या एका हातात, पोथी दुसऱ्या हातात, आणि जुळवाजुळव. म्हणूनच ख्रिस्ती बोलण्यात चिन्हं ‘ओळखणे’ हे क्रियापद इतकं येतं. भाकणुकीत ओळखायचं काही नसतं.

आणि ओळखणाऱ्याला प्रकरणाने मोकळं रान दिलेलं नाही. त्याच चोविसाव्या प्रकरणात खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे उठतील आणि तेही मोठी चिन्हं दाखवतील असं सांगितलं आहे. शब्द तोच, सेमेइऑन. अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त येतो: डहाळी कोवळी होऊन पानं फुटली की उन्हाळा जवळ आला. मृगाचा तांबडा किडा शेतात दिसला की आपला शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो, पण पाऊस मंगळवारी की गुरुवारी हे किड्याला विचारत नाही. अंजिराची पानंही तेवढंच सांगतात. थोडं पुढे गेलं की वाक्य येतं, त्या दिवसाची आणि त्या घटकेची गोष्ट पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. तरी लोकांनी हिशेब मांडलेच. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी दानिएलाच्या आठव्या प्रकरणातल्या २३०० या आकड्यावरून गणित केलं, आणि २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरून हजारो माणसं येशूच्या येण्याची वाट बघत बसली. दिवस उजाडला आणि मावळला.

दुसरीकडे, हे सगळं होऊन गेलं असं मानणारे अभ्यासकही आहेत. शिष्यांचा मूळ प्रश्न मंदिराबद्दल होता, आणि इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं. लूकमध्ये तर यरुशलेमेला सैन्याचा वेढा पडलेला पाहाल असं स्पष्टच आहे. काहींच्या मते अर्धं तेव्हा झालं, अर्धं व्हायचं आहे. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात ‘ही शेवटली घटका आहे’ असं लिहिलं, त्याला एकोणीसशे वर्षांच्या आसपास झाली. मराठी घटका २४ मिनिटांची. पण ‘घटका भरली’ म्हणताना आपणही घड्याळ बघत नाही, म्हणून हा शब्द मला इथे खटकत नाही.

राहिली जगबुडी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदमच चढल्या, तेव्हा चिकोडी-गोकाककडे हा शब्द पुष्कळ तोंडांत होता, आणि शास्त्रातल्या महापुरातून वाचलेल्या नोहाचं उदाहरणही दिलं जायचं. शब्द म्हणून जगबुडी अस्सल आहे, पण बायबलमधल्या शेवटाला तो लागू पडत नाही. नोहाच्या पुरानंतर देव वचन देतो की पुन्हा पाण्याने पृथ्वीचा नाश करणार नाही. ढगातलं ते धनुष्य त्याचंच चिन्ह. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पुढचा नाश अग्नीने होईल असं आहे. मत्तयात नोहाचा उल्लेख येतो तो पाण्यासाठी नव्हे, तर लोक खातपीत, लग्नं करत बेसावध होते हे सांगण्यासाठी. ‘प्रलय’ही नको, त्यानंतर पुन्हा सृष्टी, पुन्हा प्रलय असं चक्र आपण मनात धरलेलं असतं. ‘युगाची समाप्ती’ हा छापील शब्दसुद्धा थोडा फसवा आहे. आपल्याला युग म्हटलं की कलियुग आणि त्याची ४,३२,००० वर्षं आठवतात. शास्त्रातल्या युगाला वर्षांचा आकडा नाही आणि ते फिरून येत नाही. तिमथ्याच्या दुसऱ्या पत्रात ‘शेवटला काळ’ असे साधे शब्द आहेत. लिहिताना तेच वापरा. बोलताना आजी म्हणतात तसं ‘शेवटचं’ म्हटलं तरी पुरे.