विज्ञानाची बातमी करताना पत्रकाराची गाडी अडते कुठे?

विज्ञानाच्या बातम्या करताना पत्रकारांना काय जड जातं आणि वाचकांना बातमीत सामील करून घेता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मराठी दैनिकात बातमीदारी केली. त्यातली लोणारचीच गोष्ट सांगतो.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कोरोनामुळे तिकडे जाणं अवघड होतं. व्हॉट्सॲपवर फोटोंचा पूर आला होता, पण कित्येकांचे रंग मोबाइलमध्येच गडद केलेले. मी एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पाणी आटून खारेपणा वाढला असेल, त्यामुळे एखादं शैवाल फोफावलं असेल. पण नमुने तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी पाठवली. सकाळी अंक उघडला तर दुसरं वाक्य गायब, आणि वर ठळक अक्षरांत 'शैवालामुळे लोणार गुलाबी'. 'असेल'चं 'आहे' झालं होतं. बाईंना काय तोंड दाखवायचं, हेच मला कळेना.

जुलैत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष आला. रंग हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा होता. ही बातमी आतल्या पानावर दहा ओळींत गेली, आणि तिथेही 'जीवाणू' असं छापलं गेलं. आर्किया हा जीवाणूंपेक्षा वेगळा गट आहे, पण मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही आणि समजावून सांगायला जागा नव्हती.

अडचणी तशा पुष्कळ आहेत. शोधनिबंध इंग्रजीत असतात, तज्ज्ञ बोलायला कचरतात, जिल्ह्याच्या बातमीदाराकडे विज्ञानाबरोबर पोलीस ठाणं आणि बाजार समितीही असते. पण माझ्या मते मूळ दुखणं वेळेचं आहे. प्रयोगशाळेला महिना लागतो आणि आम्हाला रात्री पान सोडायचं असतं. म्हणून अंदाज पहिल्या पानावर झळकतो आणि उत्तर येतं तेव्हा ते आत कुठेतरी जातं. ज्यांनी पहिली बातमी वाचली, त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत दुसरी पोचली असेल?

आता वाचकांचं. लोकसहभाग म्हणजे फोटो मागवणं, अशीच माझी समजूत होती. पहिली बातमी आली त्या दिवशी लोणारजवळच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, धारेच्या पाण्याला तर काही झालं नाही ना?" धार म्हणजे काठावरचा गोड्या पाण्याचा झरा. लोक तिथे श्रद्धेने अंघोळ करतात. धारेचं पाणी उतारावरून खाली सरोवराकडे जातं, सरोवराचं वर चढत नाही. एवढं साधं उत्तर होतं, पण माझ्या तीन कॉलमांत शैवाल होतं, खारेपणा होता आणि धार कुठेच नव्हती. ते असंही म्हणाले की पाण्याचा रंग आधीच्या उन्हाळ्यांतही पालटला होता, फक्त इतका गडद नव्हता. कधी, ते नेमकं आठवेना, फोटोही नव्हता. मग ते छापायचं कसं?

धारेचा खुलासा आम्ही दुसऱ्या दिवशी चार ओळींत दिला. तेव्हापासून फोटो मागताना मी तारीख आणि कुठे उभं राहून काढला ते विचारतोच. आणि शास्त्रज्ञांना फोन लावण्याआधी त्या गावातल्या दोघा-तिघांना लावतो, त्यांना काय जाणून घ्यायचंय ते विचारतो आणि तेच प्रश्न माझ्या वहीत सगळ्यात वर लिहितो.