सुऱ्यांचा सेट भेट द्यावा का?

प्रश्न : भाचीचं लग्न आहे, कोथरूडला नवा संसार. लाकडी ठोकळ्यातला १२ सुऱ्यांचा सेट द्यायचा विचार आहे. चांगला कसा ओळखावा? (वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : बारा कशाला? निम्म्या ड्रॉवरमध्येच पडून राहतील. त्याच पैशात तीन उत्तम घ्या : १८ ते २० सेंमी पात्याची मोठी सुरी, ९ सेंमीची सोलायची, आणि पाव-टोमॅटोसाठी दातेरी.

मोठीवर जास्त खर्च करा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं; नाहीतर लाल भोपळा चिरताना सगळा जोर सांध्यावर येतो नि मूठ हलू लागते. कडकपणा ५५ ते ५८ रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) पुरे. साठीच्या पुढची जपानी पाती धार छान धरतात, पण सुक्या खोबऱ्यावर त्यांचे टवके उडतात. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत घेताना सुरी हातात धरून बघाच.

सोबत १००० ग्रिटचा (म्हणजे मध्यम दाण्याचा) धार लावायचा दगड आणि लाकडी बोर्ड द्या. काचेच्या बोर्डवर धार लगेच बोथट होते. लिंबू चिरल्यावर सुरी लगेच धुवून पुसायची, सिंकमध्ये भिजत टाकायची नाही. आणि भाचीला विळीचीच सवय असेल, तर आधी विचारलेलं बरं!