फिरती सॉमिल घ्यावी का? वखारीतून उत्तरं

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहतो, महाप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वय २९. लाकूड चिरायची फिरती बँडसॉ मिल (पट्ट्यासारखं गोल फिरणारं पातळ पातं असलेली) घ्यायचं मनात आहे. पेट्रोल इंजिनवर चालते, ट्रेलरवर बसते, कोटेशन पाच लाखांचं आलंय. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात एवढी झाडं पडतात, ती सोसायटीच्या दारात जाऊन चिरून द्यायची. घनफुटाला १२० रुपये दर, दिवसाला ६० घनफूट, महिन्याचे २० दिवस धरले तरी १,४४,००० होतात. कर्ज वर्षात फिटेल. बायको म्हणाली, पैसे भरायच्या आधी तुम्हाला विचार.
— एक वाचक, कळवा

उत्तर : बायकोला माझा नमस्कार सांगा. ‘पैसे भरायच्या आधी’ हे तिचे शब्द आहेत ना, त्यावरच सगळं उत्तर उभं आहे.

आधी कागद, मग मशीन. आपल्याकडे लाकूड चिरायचा धंदा परवान्यावर चालतो. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून विनापरवाना सॉमिलवर गंडांतर आहे. मी वखारीत सून म्हणून आले तेव्हा सासरे त्या आदेशाचं नाव ग्रहणासारखं घ्यायचे. ऑक्टोबर २००२ मध्ये तर न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवीन सॉमिल काढायलाच मनाई झाली. २०१६ मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि निर्णय राज्यपातळीवरच्या समित्यांकडे आला. लाकूड किती उपलब्ध आहे ते बघून समिती ठरवते. म्हणजे तुम्ही दुकान टाकलंत आणि गुमास्ता काढला, इतकं हे सोपं नाही.

विक्रेता म्हणेल, “ही चाकावरची आहे, हिला परवाना लागत नाही.” ते वाक्य त्याच्याकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह मागा. देणार नाही. मग ठाण्यात उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: मशीन कोणतं, किती हॉर्सपॉवर, लाकूड कुठून येणार, मशीन कुठे उभं राहणार. पोच घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत टोकनसुद्धा भरू नका. जंगलाच्या हद्दीपासूनचं अंतर विचारलं जाईल. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला काकांची मोकळी जागा आहे, असले बेत असतील तर ते आत्ताच सोडा.

लाकडाचाही कागद असतो. शहरातलं झाड, मग ते सोसायटीच्या आवारातलं का असेना, १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यात येतं. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुरबाड-शहापूरकडे शेतातलं झाड असेल तर १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो आणि त्याच्या यादीत साग, खैर तर आहेतच, पण आंबा, फणस, जांभूळ, चिंचही आहे. लोकांना वाटतं आपल्या बांधावरचा आंबा म्हणजे आपला आंबा. फळं आपली, खोड विचारून. वर वाहतुकीचा पास कोणत्या जातीला लागतो तेही बघावं लागतं. ज्या ओंडक्याचा कागद नाही तो ओंडका चिरू नका, गिऱ्हाईक सख्खा मामा असला तरी.

आता तुमचं गणित. ६० घनफूट हा आकडा मशीनच्या पत्रकातला दिसतो. तिथे ओंडके एकसारखे असतात, रचून ठेवलेले असतात आणि ते फिरवायला हायड्रॉलिक हात असतात. तुमच्याकडे नेरुळच्या सोसायटीचं पार्किंग असेल. आठ फूट लांब, ६० इंच घेराचा ओला आंबा चारशे किलोच्या आसपास जातो. तो दोन माणसांनी आकड्याने लोळवत बेडवर चढवायचा, एक बाजू काढून नव्वद अंशात फिरवायचा, परत काढायचा. गेटवर वॉचमन सेक्रेटरीला फोन करणार, सेक्रेटरी ऑफिसात असणार, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप असणार. करवत लाकडात असते तेवढाच वेळ पैसा मिळतो, आणि दारोदार कामात तो वेळ आठातले तीन तास निघाला तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

तेव्हा ३० घनफूट धरा. तुमच्याच दराने ३,६०० झाले. दोन माणसं नऊशेने १,८००. टेम्पो १,२००. पेट्रोल ६००. पात्याची धार आणि झीज ३००. खर्च ३,९००. तीनशे रुपये खिशातून गेले, हप्ता राहिला आणि तुमची स्वतःची मजुरी कुठेच नाही. जून ते सप्टेंबर पाऊस असतो हे मी धरलेलंच नाही. झाडं पडतात तेव्हाच मशीन ताडपत्रीखाली असतं.

दर ठरवताना माप कशाचं, हे आधी बोला. मला विचाराल तर निम्मी भांडणं इथेच होतात. आपल्याकडे ओंडका घेराच्या चौथाईने मोजतात: ६० चा चौथा १५, पंधरा गुणिले पंधरा गुणिले आठ फूट, भागिले १४४, झाले साडेबारा घनफूट. खरं घनफळ काढलंत तर तोच ओंडका १५.९ भरतो, कारण चौथाईच्या मापात जवळजवळ बावीस टक्के सूट आधीच दिलेली असते. त्यातून फळी निघते समजा साडेनऊ. आता १२० रुपये साडेबाराला की साडेनऊला? १,५०० की १,१४०? गिऱ्हाईक दुसरं धरून बसतं, तुम्ही पहिलं. मशीन सुरू करायच्या आधी एका कागदावर लिहा आणि सही घ्या. आम्ही ओंडक्याच्या मापाने घेतो, कारण वाकडं लाकूड आणलं तर त्याचा तोटा आणणाऱ्याचा.

शहरातल्या झाडाचा आणखी एक आजार म्हणजे लोखंड. बॅनरचे खिळे, केबलवाल्याच्या तारा, दिवाळीच्या माळांचे हूक, ट्री-गार्डची सळई. झाड हे सगळं गिळून वर साल धरतं. बुंध्याचा खालचा माणसाच्या उंचीइतका भाग, म्हणजे जो सगळ्यात रुंद आणि सगळ्यात महाग, तोच खिळ्यांनी भरलेला असतो. हातातला मेटल डिटेक्टर घ्या, प्रत्येक कापाआधी फिरवा. खिळ्याने पातं गेलं तर त्याचे पैसे गिऱ्हाईक देईल, ही अटही त्याच कागदावर.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, ताईंना मशीनच आवडत नाही. तसं नाही. या पातळ पात्याच्या मिलचा गुण मला मान्य आहे. तीनशे मिलिमीटरचा चौकोनी केलेला ओंडका घ्या आणि २५ मिलिमीटरच्या फळ्या काढा. दोन मिलिमीटर खाणाऱ्या पात्याने ११ फळ्या येतात, पाच खाणाऱ्या गोल करवतीने १०, आणि चेनसॉवर जोडायच्या चौकटीने, जी नऊ मिलिमीटर भुसा करते, ९. साग असेल तर एका ओंडक्यामागे ही एक-दोन फळ्यांची बचत खरी कमाई आहे. गुलमोहर असेल तर तो भुसाच बरा होता असं वाटेल, इतकं ते ठिसूळ लाकूड.

मग करायचं काय? ओली फळी विकून किंवा चिरणावळ घेऊन ठाण्याच्या भाड्यात कोणी मोठा झालेला मी पाहिला नाही. पैसा वाळलेल्या लाकडात आहे. पाम बीच रोडच्या फ्लॅटला एका अखंड फळीचं जेवणाचं टेबल हवं असतं, कॅफेवाल्याला काउंटर हवा असतो, आणि दोघांनाही ते एसीत ठेवायचंय. तिथे ओलं लाकूड दिलंत तर सहा महिन्यांत टेबलाची कमान होते आणि फोन तुम्हाला येतो. दोन इंची जाड फळी (स्लॅब) नुसत्या हवेवर वाळायला इंचाला वर्ष धरायचं, आणि आपल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने ते जवळपास थांबतंच. दोन वर्षं पैसा रचून ठेवायची तयारी ज्याची, त्याचा हा धंदा.

त्यासाठी तुम्हाला स्वतःची मिल लागत नाही. परवाना असलेल्या सॉमिलशी बोला. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात (तुमच्या महाप्याच्याच बाजूला), भिवंडी रोडला मिल आहेत आणि त्यांचे मालक रिकाम्या दुपारी चहा पाजून बोलतात. कागदपत्रं असलेला ओंडका त्यांच्याकडे चिरून घ्या, पावती घ्या, फळी तुमच्या शेडमध्ये न्या. चिरलेलं लाकूड घेऊन काम करणाऱ्या आणि बँडसॉ, रीसॉ (चिरलेलं लाकूड पुन्हा चिरायची करवत) किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत न ठेवणाऱ्या युनिटला २०१६ च्या सूचनांत परवान्यातून सूट आहे. तुमच्या शेडचा अर्ज देताना हेही लेखी विचारून घ्या. शेड ठाण्यात नको, मुरबाडच्या बाजूला परवडेल.

शेडमध्ये करायचं ते असं. ज्या दिवशी चिरलं त्याच दिवशी टोकांना जाड ऑइलपेंट, कारण पाणी टोकांतून आधी पळतं आणि चिरा तिथूनच पडतात. जमिनीपासून फूटभर उंच पाया. दोन फळ्यांमध्ये एक इंची कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि खालपासून वरपर्यंत पट्टी पट्टीवरच आली पाहिजे. एक पट्टी सरकली की ती फळी तिथे वाकलीच. वर वजन, बाजूने वारा, पण ऊन नको. आंबा आणि विलायती शिरीष यांना पोखरणारा किडा फार लवकर लागतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून किंवा ब्रशने सगळीकडे लावून मगच रचा. आंब्याला तर थांबायची सोयच नाही. पावसाळ्यात पडलेला ओंडका आठवडाभर तसाच राहिला तर आत निळे-काळे डाग धरतात. फणस सोशिक असतो, शिवाय त्याचा पिवळा रंग लोकांना आवडतो. ओलावा मोजायचं मीटर घ्या आणि बारा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय एसीच्या घरात फळी देऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

मेंटेनन्सवाले आहात, तो हात वाया जाऊ देऊ नका. बँडसॉच्या पात्याला चांगली धार काढणारा आणि दात नीट फाकवून देणारा माणूस या भागात शोधावा लागतो. पातं लाकडात दीड-दोन तास चाललं की पुन्हा धार लावायला येतं, म्हणजे काम कधी संपत नाही. ग्राइंडर आणि सेट (दातांची फाक) काढायचं यंत्र पाच लाखांच्या कितीतरी आत बसतं. नोकरी सांभाळून संध्याकाळी करता येतं आणि सगळे मिलवाले ओळखीचे होतात. वर्षभर हे करा. तोवर वनविभागाचं उत्तरही आलेलं असेल. परवानाधारक मिलमालकाला तुमची फिरती मिल त्याच्या आवारात हवी असेल, तर त्याच्या परवान्यात ती आधी चढवून घ्यावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या वाशीच्या सोसायटीत मोठं विलायती शिरीष पडलं. त्याचे बागेत ठेवायला बाक करून घ्यावेत असं आम्हा काही सभासदांना वाटतं. कंत्राटदार उद्या तुकडे करून नेणार आहे.
— एक सभासद, वाशी

उत्तर : आज रात्रीच फोन करा. पालिकेच्या उद्यान विभागाला पडलेल्या झाडाचं कळवलंय ना, आणि लाकूड ठेवून घ्यायला त्यांची हरकत नाही ना, हे आधी. मग कंत्राटदाराला सांगा की मुख्य खोडाचे सात-सात फुटी ओंडके ठेव. त्याला ट्रकमध्ये चढवायला सोपं म्हणून तो दीड-दोन फुटी गोळे करतो. तसं झालं की जळण सोडून त्याचं काही होत नाही.

बागेत उघड्यावर मात्र याचं गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड टिकणार नाही. लॉबीत किंवा क्लबहाउसच्या छपराखाली ठेवा, तिथे त्याचा चॉकलेटी गाभा फार देखणा दिसतो. बागेला लोखंडी बाकच आणा.

प्रश्न : मी मुरबाडचा, भावाच्या परवानाधारक मिलमध्ये आडव्या बँडसॉवर असतो. फळी लाटेसारखी वरखाली निघते. इंजिन बदलावं का?
— एक मिस्त्री, मुरबाड

उत्तर : इंजिनाला हात लावू नका, मिस्त्री. नवं पातं चढवून त्याच ओंडक्यावर एक काप घ्या. लाट गेली तर जुन्या पात्याची धार किंवा सेट गेला होता, बहुतेक वेळा तेच असतं. दात एका बाजूला जास्त फाकले असतील तर लाट येत नाही, पातं सरळ वर किंवा खालीच जातं, म्हणजे फरक कळतो.

नव्या पात्यानेही लाट आली तर ताण बघा. पातं गरम झालं की लांबतं आणि सकाळी बरोबर असलेला ताण अकरा वाजता ढिला असतो, दर दोन-तीन कापांनी तपासा. मग गाइड रोलर, म्हणजे पात्याला दोन्हीकडून आधार देणारी चाकं: दोघांमधलं अंतर ओंडक्याच्या रुंदीइतकं जवळ आणा, उगाच उघडे ठेवू नका. वाळलेला साग किंवा गाठीचा खैर असेल तर दहा अंशांच्या हूकऐवजी (हूक म्हणजे दाताचा पुढे झुकलेला कोन) सातचं पातं लावा आणि ढकलायची घाई कमी करा. पात्याला चिकटा धरत असेल तर पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण टाका, आणि काम संपलं की पातं कोरडं पुसून ताण सोडून ठेवा.