सिलिका जेल ठेवूनही तिजोरीतल्या बंदुकीला गंज का चढतो?

तेल लावून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून, दार घट्ट बंद करूनही नळीवर तांबूस ठिपके दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय तिजोरीवर आहे.

आगीपासून वाचवणाऱ्या बऱ्याच तिजोऱ्यांच्या भिंतींत जिप्सम असतं. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा बांधलेलं पाणी असतं आणि आगीत तेच वाफ होऊन आतला भाग थंड ठेवतं. एरवी ते जागचं हलत नाही. पण ओतीव मिश्रण भरलेली तिजोरी नवी असेल, तर तिच्या भिंतींतून बरेच दिवस ओल सुटत राहते. वर आतून गालिचासारखं अस्तर, फोम आणि बंदुकीचा लाकडी दस्ता. हे सगळं ओलावा धरून ठेवतं आणि हवा जरा कोरडी झाली की परत सोडतं.

थोडा हिशेब करू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. तिजोरी अर्ध्या घनमीटरची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर आतल्या हवेत जेमतेम १२ ग्रॅम पाणी आहे. ती ५० टक्क्यांवर आणायला त्यातलं साडेचार ग्रॅम काढलं की झालं. म्हणजे हवेतलं पाणी फारसं नाहीच, खरा साठा अस्तरात आणि लाकडात असतो, शिवाय दार उघडलं की नवी हवा आत येते. बुटांच्या खोक्यातून काढलेल्या चार पुड्या यापुढे टिकत नाहीत. भरपूर वजनाचा, पुन्हा वाळवता येणारा जेलचा डबा घ्या. रंग बदलणारे मणी असतील तर नारिंगीचे हिरवे झाले की पाणी भरलं असं समजा. निळ्याचे गुलाबी होणारे मणी शक्यतो टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. वाळवायला १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास पुरतात, पण डब्यावरची सूचना आधी वाचा.

तिजोरी मोठी असेल तर मी तळाशी कमी वॅटची गरम होणारी कांडी बसवेन. ती पाणी काढत नाही, हवा दोन-तीन अंशांनी गरम ठेवते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता उतरते आणि धातू दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या, वर राहतो. हे दवबिंदूचं प्रकरण लोक विसरतात. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. वातानुकूलित खोलीतून २० अंशांची बंदूक अशा हवेत आणली, तर थंड पाण्याच्या ग्लासासारखं तिच्यावरही पाणी सुटतं. पिशवीची चेन न उघडता ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पुसा, मगच तिजोरीत ठेवा.

आत डिजिटल आर्द्रतामापक हवाच. ४० ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवा. ६० च्या पुढे गंज वेग घेतो. फार कोरडंही नको, लाकडी दस्त्याला चिरा जातात.

बाकीचं थोडक्यात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा फोमच्या पेटीत बंदूक कायम ठेवू नका. हाताळून झाल्यावर पुसा, घामातलं मीठ कमी आर्द्रतेतही गंज सुरू करतं. नळीवरचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर रसायनांनी आणलेला निळसर-काळा थर, एकटं फार वाचवत नाही, आणि स्टेनलेसही गंजतं. तेलाचा थर पातळ पण सलग हवा. पाणी हटवणारे पातळ फवारे साठवणीला पुरेसे नाहीत, गंजरोधक तेल वेगळं मिळतं. काँक्रीटच्या जमिनीवर तिजोरी थेट टेकवू नका, खाली रबराची चटई घाला.

आत्ता जे ठिपके आहेत ते आधी काढा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, ठिपक्यांवर तेल सोडून थोडा वेळ थांबा, आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने (अगदी बारीक पोलादी तारांच्या बोळ्याने) अगदी हलक्या हाताने घासा. जास्त दाबलंत तर ब्लूइंगही निघेल. नळीच्या आत तेल राहिलं असेल तर पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी कोरडा बोळा फिरवून ते काढून टाका.