दाढ काढल्यावर सिगरेट कधीपासून ओढता येते?

कमीत कमी ७२ तास तरी नाहीच, आणि अक्कलदाढ कापून काढली असेल तर आठवडाभर थांबलेलं बरं. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, खालचं हाड आणि नसा तीच झाकून ठेवते, आणि झुरका मारताना तोंडात जी ओढ बसते ना त्याने ती निघून येऊ शकते, वर निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणजे जखमेला रक्तपुरवठाच कमी. गुठळी गेली की ड्राय सॉकेट, म्हणजे खड्ड्यातलं हाड उघडं पडून होणारं दुखणं. साधं दुखणं दिवसागणिक कमी होतं, हे मात्र दोन-चार दिवसांनी उलटं वाढतं, ठणका थेट कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो, आणि साध्या पेनकिलरने भागत नाही. असं झालं तर घरी लवंग कोंबत बसू नका, सरळ डेंटिस्टकडे जा, ते खड्डा धुऊन आत औषध भरतात.

बिडी, व्हेप सगळं त्यातच आलं, आणि 'मी ओढत नाही, फक्त तंबाखू लावतो' म्हणणाऱ्यांनी पण खूश होऊ नये, चुना-तंबाखू ओल्या जखमेत गेली तर अजून वाईट. स्ट्रॉने ज्यूस पण नको. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या २४ तासांनंतर, त्याही हळूच. तलफ अगदीच आवरत नसेल तर निकोटिन पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा.